बुडाच्या नोटिशीला पंचायतीनं काय उत्तर द्यायचं?

बेळगावच्या आसपासच्या गावांत बुडाची, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची, नोटीस आली एवढं कळलं की पुढचं सगळं पाठ असल्यासारखं घडतं. देवळात बैठक, डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसवर मोर्चा, निवेदन देतानाचा फोटो, दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी. मोर्चाला नावं ठेवायची नाहीत. पिकाऊ जमिनीसाठी इथं रस्त्यावर उतरावं लागतं, हे हलगा-मच्छे बायपास आणि रिंगरोडच्या वेळी सगळ्यांनी पाहिलंय. पण मोर्चा निघतो तेव्हा फाइलीवर एक वेगळीच मुदत चालू असते. ती संपेपर्यंत पंचायतीकडून लेखी काही गेलं नाही, तर पंचायतीची संमती आहे असं कायदा धरून चालतो. मोर्चाला किती माणसं होती, याची नोंद त्या फाइलीत कुठेच नसते.

आधी बुडा म्हणजे कोण, ते बघू. बेळगाव नगरविकास प्राधिकरण ही महापालिका नव्हे. महापालिकेचे ५८ वॉर्ड आहेत, तिथले नगरसेवक लोक निवडून देतात. बुडाचा अध्यक्ष सरकार नेमतं. भागाचे आमदार सदस्य असतात, सोबत अधिकारी आणि नियुक्त मंडळी. महापालिकेची हद्द जिथे संपते तिथे बुडाची संपत नाही. शहराबाहेरची कितीतरी गावं तिच्या नियोजन क्षेत्रात आहेत. म्हणजे घरपट्टी पंचायत घेते, दिवाबत्ती पंचायत बघते, पण शिवारात उद्या काय उभं राहणार हे ठरवण्याची मोठी चावी शहरातल्या एका कार्यालयात असते. ज्यांना आपण निवडलेलं नाही त्यांना लेखी उत्तर द्यायचं असतं, ते यामुळे.

बुडाकडून येणारे कागद दोन जातीचे असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिला मास्टर प्लॅन. कर्नाटक नगर आणि ग्रामनियोजन कायदा, १९६१ खाली तो तयार होतो आणि दर दहा वर्षांनी त्याचा फेरविचार व्हावा असं कायदा सांगतो. नकाशावर आपली जमीन पिवळी दाखवली की राहण्यासाठी, हिरवी दाखवली की शेतीसाठी. चहाच्या टपरीवर ‘आमचं सर्वे नंबर यलो झालं’ म्हणतात ते हेच. जमीन पिवळी झाली म्हणून कुणी ती काढून घेत नाही. मात्र एनए (बिगरशेती) करणं सोपं होतं, दलाल फिरू लागतात, गुंठ्याचा दर वाढतो आणि बांधाला बांध लागून प्लॉट पडायला लागतात. त्यात २०२० साली कर्नाटकानं भूसुधारणा कायद्यातली ७९-अ आणि ७९-ब ही कलमं काढून टाकली. त्यामुळे शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येते आणि पिवळ्या रंगाचं वजन आणखी वाढलंय. मास्टर प्लॅनचा मसुदा प्रसिद्ध झाला की त्यावर सूचना-हरकती कुणीही देऊ शकतो. त्यासाठी जमीनमालक असावं लागत नाही, त्याच गावचं असण्याचीही गरज नाही.

दुसरा कागद विकास योजनेचा, म्हणजे बुडा स्वतः जमीन घेऊन ले-आऊट पाडते त्याचा. हा कर्नाटक नगरविकास प्राधिकरण कायदा, १९८७ खाली येतो. कणबर्गीची ६१ नंबरची योजना वर्षानुवर्षे रेंगाळली, ती या प्रकारातली. मुदतीची घडी इथंच आहे, म्हणून जरा थांबून बघू.

योजना तयार झाली की बुडा अधिसूचना काढते. योजनेची हद्द, नकाशा, कुठली जमीन घेणार आणि कुठल्या जमिनीवर सुधारणा कर बसू शकतो, हे सगळं कुठे बघायला मिळेल ते त्यात असतं. (सुधारणा कराकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. जमीन गेली नाही म्हणून सुटलो असं वाटतं, पण योजनेमुळे तिची किंमत वाढली म्हणून कर लागू शकतो.) अधिसूचनेची एक प्रत संबंधित स्थानिक संस्थेला जाते. ती मिळाल्यापासून ३० दिवसांत त्या संस्थेनं आपलं म्हणणं बुडाकडे पाठवायचं आणि बुडानं ते सरकारपुढे ठेवायचं. आलं नाही तर संमती गृहीत. हे सगळं १९८७ च्या कायद्याच्या कलम १७ मध्ये आहे. पीडीओच्या (पंचायत विकास अधिकाऱ्याच्या) टेबलावर तो लखोटा पंधरा दिवस पडून राहिला, तर निम्मी मुदत तिथंच संपली. म्हणून आवक नोंदवहीत तारीख पडली का, हे सदस्यांनी पहिल्या दिवशी बघायचं.

जमीनमालकाला वेगळी नोटीस येते आणि त्याला उत्तर द्यायला वेगळे ३० दिवस मिळतात. पण ती येते उताऱ्यावर ज्याचं नाव आहे त्याला. आपल्याकडे कितीतरी उताऱ्यांवर अजून आजोबांचंच नाव आहे, वारसा करायचा राहून गेलाय. नोटीस आजोबांच्या नावानं निघते, पोस्टमन परत नेतो आणि नातवाला कळतं तेव्हा खांब रोवलेले असतात. अर्धेलीनं शेत करणाऱ्याचं तर नाव कुठल्याच कागदावर नसतं. त्याची बाजू मांडायला पंचायतीच्या ठरावाशिवाय दुसरी जागा नाही.

नकाशा कसा मिळवायचा? माहिती अधिकारात अर्ज करू, असं बैठकीत हमखास कुणीतरी सुचवतं. त्या कायद्यात उत्तराची मुदत ३० दिवस आणि हरकतीचीही ३० दिवस. उत्तर येईपर्यंत दार बंद. अर्ज जरूर करावा, पुढे कोर्टात उपयोगी पडतो. पण अधिसूचनेत नकाशा बघायची जागा दिलेलीच असते. तिथे दोन-चार जाणत्या माणसांनी जाऊन सर्वे नंबर उतरवून आणावेत. त्यातला एक गावचा जुना माणूस असावा. नाल्याचं मूळ पात्र कुठलं आणि आता कुठे वळवलंय, हे तोच सांगू शकतो.

इथपर्यंत योजना आपल्याच हद्दीत आहे असं धरलं. खरी पंचाईत होते ती योजना शेजारच्या हद्दीत असते तेव्हा. ले-आऊट वरच्या गावाच्या शिवारात आणि पाणी उतरणार खालच्या गावात. नोटीस वरच्या पंचायतीला जाते. खालच्या पंचायतीला बुडानं विचारलंच पाहिजे असं कलम १७ म्हणत नाही. ‘आम्हाला कळवलंच नाही’ ही तक्रार माणूस म्हणून रास्त आहे, पण त्या कलमाखाली तिला आधार नाही. मग खालच्या पंचायतीनं काय करायचं? स्वतःहून बोलायचं. आपल्या मासिक सभेत ठराव करायचा. त्याची एक प्रत बुडाला, एक जिल्हाधिकाऱ्यांना, एक जिल्हा पंचायतीला आणि एक वरच्या पंचायतीला द्यायची. वरच्या पंचायतीनं आपल्या उत्तराला तो ठराव जोडला तर उत्तम. मग तो ज्या दारानं आत जायचा त्याच दारानं जातो. त्यासाठी दोन गावांचं बोलणं असावं लागतं. जत्रेच्या मानावरून दहा वर्षं अबोला असेल तर तो आधी सोडवावा लागतो, आणि हे काम कुठल्याही वकिलाला जमणारं नाही.

इंग्लंडमध्ये २०११ च्या लोकॅलिझम कायद्यानं शेजारच्या कौन्सिलांवर एकमेकांशी सहकार्य करण्याचं बंधनच घातलं. एका कौन्सिलनं हद्दीजवळ घरं आखली की शेजारची कौन्सिल रस्ते, शाळा, दवाखाने यांचा हिशेब मांडून उत्तर देते आणि ते उत्तर तपासणीच्या वेळी पुढे ठेवलं जातं. आपल्याकडे कागदावर असंच काहीसं आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीनं आणलेलं कलम २४३-झेडडी जिल्हा नियोजन समितीबद्दल आहे. पंचायती आणि नगरपालिका यांच्या सामाईक गोष्टी, म्हणजे जागेचं नियोजन, पाण्याची आणि इतर नैसर्गिक संपत्तीची वाटणी, हे तिनं एकत्र बघायचं असं त्यात स्पष्ट लिहिलंय. समितीचे पाचातले चार सदस्य जिल्ह्यातल्या निवडून आलेल्या लोकांमधून यायला हवेत. पण कर्नाटकात जिल्हा पंचायतींची मुदत २०२१ मध्ये संपली आणि निवडणुका लांबत गेल्या. निवडलेली माणसंच नसतील तर अशी समिती कुणाच्या तोंडानं बोलणार? तरीही ठरावात या कलमाचा उल्लेख करावा असं माझं मत आहे. फुकट असतो, आणि उद्या कोर्टात गेलात तर ‘आम्ही तेव्हाच म्हटलं होतं’ असं दाखवता येतं.

आता ठरावात लिहायचं काय? ‘आमचा तीव्र विरोध आहे’ हे वाक्य सगळ्यांनाच लिहिता येतं आणि सरकारी टेबलावर त्याला फारशी किंमत नसते. वजन असतं हिशेबाला. नमुन्यासाठी एक करून बघू.

समजा १०० एकरांची योजना आहे. बुडाच्या योजनेत किमान १५ टक्के जागा बागा-मैदानांसाठी आणि आणखी किमान १० टक्के नागरी सोयींसाठी ठेवायला हवी. म्हणजे २५ एकर गेले. रस्त्यांना साधारण तेवढेच धरा. उरले ५० एकर. एका एकरात ४३,५६० चौरस फूट. ३० बाय ४० चा प्लॉट धरला तर १,८०० च्या वर प्लॉट पडतात. घरटी पाच माणसं धरली तर ९,००० माणसं. एवढी वस्ती एका पंचायतीच्या शेजारी येऊन बसणार. शहरी वस्तीला माणशी रोज १३५ लिटर पाणी हे सरकारी प्रमाण आहे. म्हणजे दिवसाला १२ लाख लिटर. पाणी कुठून आणणार? शहराला राकसकोप आणि हिडकल ही धरणं पुरवतात. उन्हाळ्यात राकसकोपची पातळी किती फुटांवर आली ही पहिल्या पानाची बातमी असते, हे बेळगावकराला सांगायला नको. योजनेत पाण्याच्या सोयीपुढे नुसती ‘बोअरवेल’ असेल, तर आसपासच्या विहिरींचं काय होणार हा प्रश्न ठरावात नावानिशी यावा: कुठली विहीर, कुठला सर्वे नंबर, एप्रिलमध्ये पाणी किती खाली जातं.

वापरलेल्या पाण्यातलं ८० टक्के सांडपाणी होतं असं धरतात. म्हणजे रोज जवळपास १० लाख लिटर. ते कुठे सोडणार? योजनेत सांडपाणी प्रक्रिया केंद्र असेल तर ते प्लॉट वाटण्याआधी चालू होणार की नंतर? ‘नंतर’ याचा अर्थ आपल्याला बळ्ळारी नाल्यानं शिकवलाय. शहराचं मैलापाणी वाहून वाहून तो भरलाय आणि पावसाळ्यात शहापूर, वडगाव, जुने बेळगाव, येळ्ळूर या भागात त्याचं पाणी भातात शिरतं. लावणी केलेलं भात आठवडाभर पाण्याखाली राहिलं की कुजतं, मग दुबार लावणीसाठी रोप शोधत फिरायचं. कचऱ्याचंही तसंच. शहराचा कचरा तुरमुरीला जातो आणि वास तुरमुरी-बाचीच्या लोकांनी घ्यायचा. शहराचं नको असलेलं हद्दीबाहेर ढकलायची सवय जुनी आहे, म्हणून नव्या योजनेला हा प्रश्न विचारण्यात काहीच आडमुठेपणा नाही.

तिसरं पावसाचं पाणी, आणि याचा हिशेब कुणीच करत नाही. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. १०० एकर म्हणजे चार लाखांहून जास्त चौरस मीटर. जुलैत एका दिवसात ५० मिलिमीटर पाऊस झाला, आणि तो आपल्याकडे नवलाचा नाही, तर त्या जागेवर दोन कोटी लिटर पाणी पडलं. आज तिथं भाताचे वाफे आहेत. प्रत्येक बांध थोडंथोडं पाणी अडवतो, मुरवतो, सावकाश सोडतो. उद्या तिथं स्लॅब, फरशी आणि डांबर आलं की त्यातलं बरंच पाणी तास-दोन तासांत गटारीतून नाल्यात उतरणार. नाला तेवढाच, किंवा भराव टाकून निम्मा झालेला. खालच्या गावाची खरी हरकत ही आहे आणि ती नकाशावर दाखवता येते. गेल्या काही वर्षांत पाणी कुठपर्यंत आलं होतं त्याचे तारखेसह फोटो, तलाठ्याचे पीक नुकसानीचे पंचनामे, भरपाई मिळालेल्यांची यादी हे सगळं पंचायतीच्या कपाटात असतंच. ते जोडायचं आणि मागणी नेमकी करायची: नाल्याची मोजणी होऊन मूळ रुंदी कायम राहावी, दोन्ही बाजूंना जागा मोकळी राहावी, ले-आऊटमध्ये पाणी अडवणारं तळं असावं, मोऱ्यांचा आकार पावसाच्या हिशेबानं ठरवावा.

रस्ता, शाळा आणि दवाखाना यांचं फार लांबवायला नको. गावची अरुंद वाट ९,००० माणसांना पुरणार नाही हे दिसतंच. मात्र स्मशानाची वाट, गायरान, तळं, देवस्थानाची जमीन आणि जत्रेचा मार्ग योजनेत कापला जातोय का, हे नकाशावर बोट ठेवून बघा. सुगंधी बासमती, मसूर, वाटाणा अशी पिकं देणारी जमीन असेल तर तसं उताऱ्यावरच्या पीकनोंदीसह लिहा. ‘सुपीक’ असं नुसतं म्हटलं तर समोरचाही ‘पडीक’ असं नुसतंच म्हणतो.

काय लिहू नये, तेही सांगतो. ‘बाहेरची माणसं आमच्या गावात नकोत’ हे लिहू नये. एक तर ते टिकत नाही, आणि दुसरं म्हणजे आपलीच पोरं पुण्याला भाड्यानं राहतात. सीमाप्रश्नही या कागदात आणू नये. तो दावा सुप्रीम कोर्टात २००४ पासून आहे, त्याची जागा तिथं आहे. बुडाच्या फाइलीत तो घातला की समोरच्याला हातात आयतं कारण मिळतं. मूळ मुद्दा बाजूला पडतो आणि नाला तसाच राहतो.

भाषेचं मात्र व्यवहारानं बघावं. राज्यघटनेच्या कलम ३५० नुसार गाऱ्हाण्याचं निवेदन संघात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतं, म्हणजे मराठीत दिलेलं निवेदन भाषेच्या कारणावरून परत करता येत नाही. तरी मी दोन्ही भाषांत द्या म्हणेन. मराठी प्रत हक्काची. कन्नड प्रत अशासाठी की टिपणी लिहिणारा कारकून तीच वाचणार आहे आणि वरच्या साहेबापुढे त्याच्या दोन ओळीच जाणार आहेत.

चंदगडकडच्या गावांचं आणखी वेगळं. शिनोळीच्या अलीकडे कर्नाटक, पलीकडे महाराष्ट्र. हद्दीला लागून इकडे ले-आऊट पडलं आणि पाणी-रस्त्याचा त्रास तिकडे झाला, तर १९८७ च्या कायद्यात तिकडच्या ग्रामपंचायतीला जागा नाही. तिनं आपला ठराव कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांमार्फत बेळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा आणि मास्टर प्लॅनच्या सूचना-हरकतींच्या वेळी थेट बुडाकडेही द्यावा.

आता घरातली गोष्ट. प्रत्येक गावात जमीन द्यायला तयार असलेले लोक असतात आणि त्यांना गद्दार म्हणणं सोपं असतं. दोन एकरांवर चार भाऊ, पोरगी लग्नाची, भाताला दर नाही. त्यांचा विचार त्यांच्या जागी बरोबर असतो. त्यांच्यापुढे हल्ली ५०:५० ची भाषा येते: तुम्ही जमीन द्या, तयार प्लॉटांतले निम्मे तुमचे. ऐकताना अर्धा एकर परत मिळणार असं वाटतं. हिशेब मांडा. ४० गुंठ्यांतून रस्ते, बागा, सोयी वजा जाता साधारण २० गुंठे प्लॉट उरतात आणि त्याचे निम्मे म्हणजे १० गुंठे. ३० बाय ४० चे नऊ प्लॉट. हा सौदा वाईटच असतो असं नाही. त्या प्लॉटांचा दर बघून एखाद्याला परवडेलही. पण १० गुंठ्यांचा सौदा २० चा समजून सही होऊ नये, आणि प्लॉट किती वर्षांत हातात येणार हे लेखी असावं. ठरावात ‘गावाचा एकमुखी विरोध’ असं लिहून द्यायला तयार असलेल्यांना पुसून टाकू नये. सुनावणीत त्यातले दोघे उभे राहून ‘आमची संमती आहे’ म्हणाले की सगळ्या ठरावाची हवा जाते. त्यापेक्षा योजना झालीच तर कुठल्या अटींवर, हेही लिहावं. विरोध आणि अटी एकाच ठरावात मांडता येतात.

आणि पंचायतीनं आरशातही बघावं. बाँडपेपरवर विकलेले गुंठा-दोन गुंठ्यांचे प्लॉट, गटार नाही, रस्ता नाही, नाल्याच्या काठावर भराव, हे बुडानं केलेलं नाही. ते आपल्या डोळ्यांदेखत झालं, काही ठिकाणी सदस्यांच्याच जमिनीत. सुनावणीत समोरचा अधिकारी हेच विचारणार, तेव्हा काय सांगायचं ते आधी ठरवून जावं.

ठराव झाला की पीडीओच्या सहीनं, शिक्क्यानिशी, शक्यतो ग्रामसभेचा ठराव जोडून, बुडाच्या आवक खिडकीत द्यायचा आणि पोच घ्यायची. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो म्हणजे पोच नव्हे. पोचेवर तारीख आणि आवक क्रमांक हवा. तो स्पीड पोस्टानंही पाठवा. पुढे सगळ्यांचं म्हणणं घेऊन बुडा योजना सरकारकडे पाठवते. सरकारनं मंजुरी दिली की अंतिम अधिसूचना निघते. आपल्या कुठल्या मुद्द्याचं काय झालं हे त्या वेळी ताडून बघायचं. एकाही मुद्द्याला उत्तर नसेल तर कोर्टात तीच पोच कामाला येते. अंतिम अधिसूचनेनंतर पाच वर्षांत योजना बऱ्याच अंशी पूर्ण झाली नाही तर ती रद्द होते, असं कलम २७ म्हणतं. म्हणून अंतिम अधिसूचनेची तारीख पंचायतीच्या ठराव वहीत लिहून ठेवायची. पाच वर्षांत पंचायतीची निवडणूक होऊन जाते, पीडीओची बदली होते, आणि नवीन आलेल्यांना ती तारीख माहीत असण्याचं दुसरं कारण नसतं.